वाचकांचे प्रश्न : मॉडेल, साचे आणि चाचण्या

या वेळी आलेल्या पत्रांत पदव्युत्तर प्रॉडक्ट डिझाइनच्या विद्यार्थ्यांची पत्रं सर्वाधिक होती. काहींचं काम वर्कशॉपमध्ये अडलं आहे, तर काहींचं ज्यूरीसमोर, म्हणजे प्रकल्प तपासणाऱ्या परीक्षकांसमोर. सारख्या शंका एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमचा सत्र प्रकल्प १६ आठवड्यांचा असतो. मागच्या वेळी मुलाखती, वाचन आणि स्केचेस यांतच १० आठवडे गेले आणि शेवटचं मॉडेल घाईघाईत उरकावं लागलं. मॉडेल बनवायला नेमकं कधी घ्यावं?

पहिल्याच आठवड्यात. पुठ्ठा, मास्किंग टेप आणि ग्लू गन एवढ्यावर अर्ध्या तासात जे उभं राहतं, तेही मॉडेलच. ते मुलाखतीला सोबत न्या. नुसत्या प्रश्नाला लोक "हो, चालेल की" म्हणून मोकळे होतात. हातात वस्तू दिली की ती फिरवून बघतात, चुकीच्या बाजूने धरतात, "हे इथं टोचतंय" म्हणतात. संशोधनाला खरा माल तिथे मिळतो.

अट एकच : प्रत्येक मॉडेल एका प्रश्नासाठी बनवावं आणि तो प्रश्न पेन्सिलीने त्याच्यावरच लिहावा. "एका हातात मावतं का?" "झाकण अंगठ्याने उघडतं का?" "पाणी कुठून गळतं?" असा प्रश्न लिहिता येत नसेल तर ते मॉडेल बनवण्यात वेळ घालवू नका. प्रश्न ठरला की साहित्यही आपोआप ठरतं. हातात मावतं का हे बघायला फोम पुरे, त्यासाठी रात्रभर प्रिंटर चालवायची गरज नाही.

सर्वांत जास्त आठवडे वाया जातात ते 'चालतं' मॉडेल आणि 'दिसतं' मॉडेल फार लवकर एकत्र केल्यामुळे. मोटर मावत नाही म्हणून केसिंग पुन्हा प्रिंट होतं, केसिंग बदललं म्हणून सर्किट हलवावं लागतं, आणि यात यंत्रणाही सिद्ध होत नाही, रूपही. यंत्रणा प्लायवर उघडी बसवून चालवा. रूप वेगळ्या, आतून भरीव फोमवर ठरवा. दोन्ही पटली की मगच जोडा.

वेळेची आखणी साधारण अशी धरता येईल : पहिले ४ आठवडे पुठ्ठ्याच्या मॉडेलांसह संशोधन, ३ आठवडे पर्याय शोधणं आणि निवडणं, ५ आठवडे तपशील आणि चाचण्या, ३ आठवडे अंतिम मॉडेल, १ आठवडा मांडणी. म्हणजे बाराव्या आठवड्याअखेर मापं गोठवायची, त्यानंतर बदल नाही. अंतिम मॉडेलला ३ आठवडे ऐकायला जास्त वाटतात. पण प्रिंट, पुट्टी, घासणं, प्रायमर, पुन्हा घासणं ही फेरी दोन-तीनदा होते. त्यात पहिला रंग पूर्ण सुकल्याशिवाय दुसऱ्या रंगासाठी टेप लावता येत नाही. लावला तर टेपबरोबर रंगही निघून येतो.

प्रश्न : रेझिनच्या थ्रीडी प्रिंटवर सिलिकॉन ओतून साचा केला. दोन दिवस झाले तरी प्रिंटला लागलेला थर चिकटच आहे. बाहेरून मात्र साचा छान घट्ट झाला आहे. मिश्रणाचं प्रमाण चुकलं का?

नाही. प्रमाण चुकलं असतं तर सगळा साचा मऊ राहिला असता, आणि ढवळताना हयगय झाली असती तर मध्येच कुठेतरी मऊ पट्टे दिसले असते. फक्त मास्टरला (ज्यावरून साचा काढायचा त्या मूळ वस्तूला, इथे तुमच्या प्रिंटला) लागलेला थर चिकट राहणं याचा अर्थ मास्टरच्या पृष्ठभागाने सिलिकॉनचं घट्ट होणं रोखलं आहे.

तुमचं सिलिकॉन प्लॅटिनमवर घट्ट होणाऱ्या प्रकारचं असणार. हा प्रकार काही रसायनांपुढे लगेच हार मानतो : गंधक, कथिलाची संयुगं आणि अमाइन. रेझिन प्रिंटच्या पृष्ठभागावर उरलेले, अभिक्रिया पूर्ण न झालेले घटकही तेच करतात. गंधक असलेली मॉडेलिंगची माती, लॅटेक्सचे हातमोजे, आधी कथिलाच्या सिलिकॉनसाठी वापरलेली कांडी या सगळ्यांमुळे असाच चिकट थर राहतो. चिकट राहिलेला साचा तापवून किंवा आठवडाभर थांबून सुधारत नाही. तो टाकून द्या आणि मास्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा.

पुढच्या वेळी प्रिंट धुऊन पूर्ण वाळू द्या, अतिनील प्रकाशात सर्व बाजूंनी क्युअर (पक्का) करा (खाचांच्या आतली बाजू हमखास राहते) आणि रेझिनला सोसत असेल तर काही तास ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा. मग पारदर्शक अ‍ॅक्रिलिक लॅकरचे दोन-तीन पातळ हात देऊन पूर्ण सुकवा. एवढं करूनही काही रेझिनं त्रास देतातच. म्हणून मास्टरवर कधीही थेट ओतू नका. त्याच रेझिनचा, तसाच रंगवलेला एक तुकडा घ्या, त्यावर चमचाभर सिलिकॉन टाका आणि दुसऱ्या दिवशी सोलून बघा. खालची बाजू कोरडी निघाली तरच पुढे जा.

चाचणी फसलीच तर फिलामेंटने (वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या तारेने) छापलेला मास्टर घ्या किंवा कथिलाचं सिलिकॉन वापरा. कथिलाचं सिलिकॉन जवळजवळ कशावरही घट्ट होतं, पण ते जास्त आकसतं आणि साचा काही काळाने ठिसूळ होतो. चार-पाच कास्टिंगपुरता साचा हवा असेल तर त्याने काही बिघडत नाही. जिथे दोन भाग एकमेकांत नेमके बसायचे आहेत, तिथे मात्र प्लॅटिनमच हवं.

आता प्रमाणाविषयी. १०० ला १० अशा वजनी प्रमाणाचं सिलिकॉन डोळ्याने मोजू नका. ३०० ग्रॅम सिलिकॉनला हार्डनर ३० ग्रॅमच, काट्यावर. एकूण किती लागेल ते काढायला चौकटीचं घनफळ घ्या, त्यातून मास्टरचं घनफळ वजा करा (कॅड, म्हणजे संगणकावरच्या आरेखनात, ते आयतं मिळतं), पाकिटावरच्या घनतेने गुणा आणि १० टक्के जास्त धरा. मास्टरच्या सर्व बाजूंनी १० ते १५ मिलिमीटर जाडी राहील अशी चौकट करा. व्हॅक्यूम चेंबर असेल तर भांडं मिश्रणाच्या चौपट मोठं घ्या, कारण हवा निघताना सिलिकॉन फुगून वर येतं. ते एकदा खाली बसलं की आणखी एक-दोन मिनिटं ठेवा. चेंबर नसेल तर उंचावरून, बारीक धारेने, चौकटीच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात ओता आणि सिलिकॉनला स्वतःच मास्टरवर चढू द्या. धारेत बुडबुडे ताणले जाऊन फुटतात.

दोन भागांच्या साच्यात पहिल्या भागावर रिलीज एजंट (चिकटू न देणारा थर) लावल्याशिवाय दुसरा भाग ओतू नका. सिलिकॉनला फारसं काही चिकटत नाही, पण सिलिकॉनला सिलिकॉन मात्र कायमचं चिकटतं.

साच्यात पॉलियुरेथेन रेझिन ओतणार असाल तर ओलावा सांभाळा. ते पाण्याशी अभिक्रिया करून वायू सोडतं आणि कास्टिंग आतून पोकळ, फेसाळ निघतं. ढवळायला लाकडी काडी घेऊ नका, लाकडात ओलावा असतो. प्लॅस्टिकची किंवा धातूची पट्टी घ्या. बाटलीचं झाकण ओतून झाल्याबरोबर लावा. पटकन घट्ट होणारी रेझिनं हातात तीन ते पाच मिनिटंच देतात, तेव्हा साचा रबरबँडने बांधून, समतल ठेवून, मगच रेझिनचे दोन घटक एकत्र करा. हे काम खेळत्या हवेत आणि नायट्राइलचे हातमोजे घालूनच करायचं.

प्रश्न : थर्माकोलच्या मॉडेलवर स्प्रे पेंट मारला आणि पृष्ठभागाला खड्डे पडले. वाचवता येईल का?

ते मॉडेल गेलं. स्प्रेमधलं द्रावक पॉलिस्टायरीन विरघळवतं. अ‍ॅसिटोन आणि पॉलिएस्टर रेझिनही तेच करतात. पुढच्या वेळी पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे किंवा पांढऱ्या गोंदाचे दोन-तीन हात देऊन पृष्ठभाग पूर्ण बंद करा. एखादं टाचणीएवढं भोक राहिलं तरी तिथून द्रावक आत शिरतं. रंगकाम करायचंच आहे हे आधी माहीत असेल तर पॉलियुरेथेन फोम घ्या, त्याला हा त्रास नाही. पण एक सक्त सूचना : गरम तारेचा कटर फक्त थर्माकोलसाठी. पॉलियुरेथेन फोम तापवला की विषारी वायू सुटतात. तो करवत, कानस आणि सँडपेपरनेच आकाराला आणायचा, आणि घासताना धूळ अडवणारा मास्क लावायचा.

प्रश्न : गाइड म्हणतात की चाचणीला पाच वापरकर्ते पुरतात. ज्यूरीने मात्र विचारलं, "पाच जणांवरून निष्कर्ष कसा काढलात?" बरोबर कोण?

दोघंही बरोबर आहेत, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत.

पाचचा आकडा याकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर यांच्या १९९३ च्या अभ्यासाशी जोडलेला आहे. त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत एक वापरकर्ता सरासरीने ३१ टक्के अडचणी उघड करत होता. म्हणजे एखादी अडचण एका वापरकर्त्याकडून निसटण्याची शक्यता ०.६९, आणि पाचही जणांकडून निसटण्याची ०.६९ चा पाचवा घात, सुमारे ०.१६. म्हणून पाच जणांत साधारण ८४ टक्के अडचणी सापडतात.

हे गणित त्या ३१ टक्क्यांवर उभं आहे. एखादी अडचण दहांतल्या एकालाच येत असेल, तर पाच जणांत ती दिसण्याची शक्यता फक्त ४१ टक्के उरते. अडचण दुर्मीळ पण धोकादायक असेल (उदाहरणार्थ, औषध चुकीच्या प्रमाणात दिलं जाणं), तर पाचवर थांबणं चूकच. शिवाय हा आकडा एकसारख्या वापरकर्त्यांसाठी आहे. उपकरण नर्स आणि रुग्ण दोघंही हाताळणार असतील तर प्रत्येक गटाचे पाच घ्या.

आणि अडचणी शोधणं वेगळं, टक्केवारी सांगणं वेगळं. पाचांतल्या चौघांना जमलं तर पॅनेलवर (ज्यूरीसाठी लावायच्या छापील फलकावर) "पाचपैकी चौघांना जमलं" असंच लिहा. "८० टक्के वापरकर्त्यांना जमलं" असं लिहिलं की ज्यूरीचा आक्षेप शंभर टक्के रास्त ठरतो.

एकदम १५ जणांना बसवण्यापेक्षा पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा आणि प्रत्येक फेरीनंतर मॉडेल दुरुस्त करा. पहिल्या फेरीतली ठळक अडचण तशीच राहिली तर पुढचे दहा जण तिथेच अडकतील आणि तिच्या मागे दडलेल्या अडचणी दिसणारच नाहीत.

खुद्द चाचणीत सर्वांत जास्त बिघडते ती सूचनेची भाषा. बटणावर 'लॉक' लिहिलं असेल तर "आता हे लॉक करा" म्हणू नका. तसं म्हटलं की तुम्ही फक्त वाचता येतं का हे तपासता. "हे पिशवीत टाकायचं आहे, आत काही सांडू नये" असं सांगा आणि गप्प राहा. हात आधी कुठे गेला, किती वेळा चुकला, कुठे थांबला हे टिपा. मदत मागितली तर मनात ३० पर्यंत मोजून मगच करा आणि ते काम 'मदतीने' असं नोंदवा. "आवडलं का?" हा प्रश्न विचारूच नका. समोर बसलेल्या विद्यार्थ्याला "नाही" म्हणणं बहुतेकांना जड जातं. फोटो किंवा व्हिडिओ घ्यायचा असेल तर आधी लेखी परवानगी घ्या, आणि पॅनेलवर चेहरा गरजेचा नसेल तर फक्त हात दाखवा.

काहींनी एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) या वापरसुलभता मोजणाऱ्या प्रश्नावलीबद्दलही विचारलं आहे. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली ही दहा विधानांची यादी आहे; प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण. विषम क्रमांकाच्या विधानांत मिळालेल्या गुणांतून १ वजा करायचा, सम क्रमांकांत मिळालेले गुण ५ मधून वजा करायचे, सगळ्यांची बेरीज करून २.५ ने गुणायचं. उत्तर ० ते १०० मध्ये येतं, पण ती टक्केवारी नव्हे. ६८ च्या आसपासचा गुण सरासरी मानला जातो, त्यामुळे "७० म्हणजे डिस्टिंक्शन" असं मांडू नका. आणि पाच जणांच्या सरासरीवर दशांश चिन्ह देऊ नका, तेवढी अचूकता त्यात नसते.

प्रश्न : हातात धरायच्या उपकरणासाठी हाताच्या सरासरी मापावरून मूठ डिझाइन केली. ज्यूरीला ते पटलं नाही. का?

सगळ्याच मापांत सरासरी असलेला माणूस जवळजवळ सापडतच नाही, म्हणून. गिल्बर्ट डॅनियल्स यांनी अमेरिकी हवाई दलातील ४,०६३ वैमानिकांच्या दहा मापांचा अभ्यास केला आणि १९५२ मध्ये अहवाल दिला. दहाही मापांत मधल्या ३० टक्क्यांत बसणारा वैमानिक त्यांना एकही मिळाला नाही.

व्यवहारात असा विचार करा : जिथे पोचायचं आहे (बटण, ट्रिगर) तिथे लहान हाताचं माप, सुमारे ५ वं शतमान (शंभरात पाच जणांचंच माप त्याहून लहान असतं), जिथे मावायचं आहे (पकडीतली पोकळी, कडी) तिथे मोठ्या हाताचं, ९५ वं शतमान. दोन्ही एकत्र साधत नसतील तर समायोजनाची सोय करा किंवा दोन आकार काढा. मापं ज्या लोकांसाठी वस्तू आहे त्यांचीच असावीत. दुसऱ्या देशातल्या सैनिकांचा तक्ता ज्येष्ठ स्त्रियांच्या उपकरणाला लावू नये. आणि बोटाच्या तीन पेरांची ५ वी शतमानं बेरजेत घालू नका. तिन्ही पेरं एकदम तेवढी लहान असलेली माणसं शंभरात पाचांहून पुष्कळ कमी असतात, त्यामुळे बेरीज वास्तवापेक्षा छोटी येते.

तक्त्यानंतर फोम. जोर लावून धरायच्या मुठीला ३० ते ४० मिलिमीटर व्यास बहुधा चालतो. २८, ३२, ३६, ४० आणि ४४ मिलिमीटरचे दंडगोल करा, उपकरणाएवढंच वजन आत भरा आणि माप न सांगता, क्रम बदलत, लोकांना द्या. वजन भरायचं विसरू नका. हलका फोम कुठल्याही आकारात बरा वाटतो.

प्रश्न : प्रिंट केलेल्या झाकणाचा स्नॅप-फिट (दाबल्यावर खटकन अडकणारी पट्टी) दोन-तीनदा उघडलं की तुटतो. जास्त मजबूत प्लॅस्टिक घ्यावं का?

आधी छपाईची दिशा बघा. फिलामेंट प्रिंट थरांच्या मधून उकलतो. स्नॅपची पट्टी उभी छापली असेल तर वाकवताना थर एकमेकांपासून सुटतात, आणि साहित्य कुठलंही असो, तुटण्याची जागा तीच. पट्टी बेडवर आडवी येईल असा भाग फिरवा. ते शक्य नसेल तर स्नॅप वेगळा छापून बसवा.

मग लांबी बघा. पट्टीच्या मुळाशी येणारा ताण (स्ट्रेन, म्हणजे तिथलं प्लॅस्टिक किती टक्के ताणलं जातं) असा काढतात : ३ गुणिले वाकण्याचं अंतर गुणिले जाडी, भागिले लांबीच्या वर्गाची दुप्पट. २ मिलिमीटर जाडीची, १० मिलिमीटर लांबीची पट्टी १ मिलिमीटर वाकवली तर ३ टक्के येतात. पुन्हा पुन्हा उघडायच्या पीएलए (फिलामेंटचं एक प्लॅस्टिक) प्रिंटला एवढं पेलत नाही. लांबी २० केली की तेच पाऊण टक्क्यावर येतं. लांबी दुप्पट, ताण चौथाई. मुळाशी गोलाई द्या, निदान जाडीच्या निम्म्या त्रिज्येची. काटकोनी मूळ असेल तर तडा तिथूनच सुरू होतो.

वारंवार उघडायचं झाकण असेल तर स्क्रू आणि तापवून बसवायचा पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेली छोटी नळी) जास्त विश्वासाचा. भोकाचं माप इन्सर्टच्या तक्त्यातूनच घ्या, भोवती निदान २ मिलिमीटर भिंत ठेवा आणि भोक इन्सर्टपेक्षा मिलिमीटरभर खोल करा, नाहीतर वितळलेलं प्लॅस्टिक खालून आट्यांमध्ये शिरतं. सोल्डरिंग आयर्नने दाबताना शेवटचा थोडा भाग उरला की आयर्न काढा आणि सपाट धातूच्या पट्टीने दाबून धरा. इन्सर्ट सरळ आणि समपातळीत बसतो.

"कारखान्यात हे कसं बनेल?" हा प्रश्न ज्यूरीत येणारच. प्रिंट झाला म्हणजे मोल्डिंगही होईल असं नसतं. इंजेक्शन मोल्डिंगसाठी भिंत सर्वत्र सारखी, साधारण २ ते ३ मिलिमीटर ठेवा. रिब (भिंतीला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या) भिंतीच्या ५० ते ६० टक्के जाडीच्या असाव्यात. जाड झाल्या तर समोरच्या चकचकीत बाजूवर खळगा पडतो. साच्यातून भाग सुटावा म्हणून उभ्या भिंतींना निदान १ अंश उतार, खरखरीत पोत असेल तर ३ अंशांच्या आसपास. आणि स्नॅपच्या हुकाखाली खिडकी ठेवा, म्हणजे सरकत्या कोअरशिवाय (साच्यातल्या सरकत्या भागाशिवाय) साचा उघडतो. हे चार बदल कॅडमध्ये केलेले दिसले की चर्चा पुढच्या मुद्द्यावर जाते.

प्रश्न : आर्डुइनो या कंट्रोलर बोर्डवरचा छोटा सर्वो (ठरलेल्या कोनात फिरणारी मोटर) थरथरतो, कधी बोर्डच रीसेट होतो. कोड तर बरोबर आहे.

सर्वोची शक्ती बोर्डच्या ५ व्होल्ट पिनमधून घेतली असणार. यूएसबीतून साधारण अर्धा अँपिअर मिळतो. छोटा सर्वोसुद्धा सुरू होताना किंवा अडकल्यावर त्याहून जास्त ओढू शकतो. व्होल्टेज घसरतं आणि बोर्ड रीसेट होतो. सर्वोला ५ व्होल्टचा, २ अँपिअर क्षमतेचा वेगळा पुरवठा द्या, त्याची ग्राउंड बोर्डच्या ग्राउंडला जोडा (हे राहिलं तर सिग्नलला अर्थच उरत नाही) आणि सर्वोजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ध्रुव बघून लावा. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी इथे कामाची नाही, ती एवढा प्रवाह देऊ शकत नाही.

तरीही थरथर राहिली तर सर्वोचा दांडा यंत्रणेपासून सोडवून चालवा. मोकळा शांत चालला तर दोष यंत्रणेत आहे : सर्वो कुठेतरी अडथळ्याला टेकून जोर लावतो आहे. कोडमधले कोन दोन-चार अंशांनी आत घ्या.

ज्यूरीच्या आधी ब्रेडबोर्ड (वायरी नुसत्या खोचायचा बोर्ड) काढून सगळं परफबोर्डवर (भोकांच्या बोर्डवर) सोल्डर करा. टेबल हलवताना जंपर वायर सुटतेच. पॉवर बँक वापरणार असाल तर मॉडेल अर्धा तास काही न करता तसंच ठेवून बघा. प्रवाह फार कमी झाला की अनेक पॉवर बँक स्वतःहून बंद होतात, आणि ज्यूरी टेबलापाशी येईपर्यंत मॉडेल नेमकं रिकामंच उभं असतं.

प्रश्न : ज्यूरीच्या पॅनेलवर किती मजकूर असावा?

उभ्याने, दीड मीटरवरून वाचता येईल तेवढाच. मूळ मजकूर २४ पॉइंटपेक्षा लहान नको. पूर्ण पॅनेल छापण्याआधी त्याचा एक ए४ तुकडा मूळ आकारात छापून भिंतीला लावा आणि तेवढं अंतर ठेवून वाचा. मोजपट्टी किंवा हात दिसेल असा मॉडेलचा एक तरी फोटो घ्या, नाहीतर आकाराचा अंदाज येत नाही. फसलेली मॉडेलंही टेबलावर ठेवा, त्यांच्यावर पेन्सिलीने लिहिलेल्या प्रश्नांसकट. निर्णय कसे बदलत गेले हे ती दहा ओळींच्या मजकुरापेक्षा जास्त स्पष्ट दाखवतात.